गुठळीचा त्रास होऊन गेलाय, मग कॉफी किती आणि कशी प्यायची?

पायाच्या नसेत गुठळी निघाली की घरात सगळ्यांत आधी कॉफी बंद होते. अंगदुखीवरची डायक्लोफिनॅक चालू राहते, दिवसभर दुकानाच्या गादीवर बसणं चालू राहतं, पण कॉफीचा डबा वरच्या फळीवर जातो. हा क्रम चुकीचा आहे. कॉफीपेक्षा तिच्या आजूबाजूच्या गोष्टी जास्त नडतात: ती कोणत्या गोळीच्या वेळेला घेतली, कशातून गाळली, ती पिऊन माणूस किती तास एका जागी बसला, आणि छातीत धडधडलं तेव्हा ‘कॉफी जास्त झाली’ म्हणून कोण गप्प राहिलं.

इंदूरच्या मराठी घरांत ज्यांना पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेली आहे, स्टेंट किंवा कृत्रिम झडप बसली आहे, ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांचं जेवणखाण सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. डॉक्टरांनी तुम्हाला काही वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. आणि इथलं काहीही वाचून गोळी बंद करू नका.

आधी गुठळी कुठली ते समजून घ्या

नीलेत, म्हणजे हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या नसेत, होणारी गुठळी मुख्यतः रक्त साचून राहिल्यानं होते. ऑपरेशननंतरचं अंथरूण, प्लॅस्टरमधला पाय, लांबचा प्रवास, बाळंतपण, कॅन्सर ही तिची नेहमीची कारणं. धमनीतली गुठळी बहुतेक वेळा आतल्या चरबीच्या थरावर तडा जाऊन होते. हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचे बरेचसे झटके त्यातले. पहिल्या प्रकारात कॉफीचा थेट संबंध जवळजवळ नाही. दुसऱ्या प्रकारात कॉफी कशी बनवली याला थोडं महत्त्व आहे, कारण त्यातून कोलेस्टेरॉल वाढू शकतं.

कॉफीनं नीलेतल्या गुठळ्या वाढतात की कमी होतात यावर मोठ्या पाहण्या झाल्या आहेत. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरातल्या पाहणीत दिवसाला ३-४ कप पिणाऱ्यांत धोका किंचित कमी दिसला, इतर ठिकाणी तसं दिसलं नाही. निष्कर्ष इतके उलटसुलट असताना गुठळी टाळायला म्हणून कॉफी सुरू करणंही बरोबर नाही आणि गुठळीच्या भीतीनं सोडणंही नाही. अनियमित ठोक्यांच्या आजारातही बेताच्या कॉफीनं त्रास वाढतो असं दिसत नाही. मात्र एखाद्याला प्रत्येक कपानंतर धडधडत असेल, तर त्यानं स्वतःच्या शरीराचं ऐकावं.

कप मोजू नका, कॅफिन मोजा

‘मी दिवसाला दोनच कप घेतो’ यावरून काहीच कळत नाही. लग्नातल्या मशीनची फेसाळ, वर कोको भुरभुरलेली ‘एस्प्रेसो’ म्हणजे बहुतेक वेळा वाफवलेल्या दुधात थोडी इन्स्टंट कॉफी असते. घरच्या फिल्टरच्या घट्ट डिकॉक्शनमध्ये, म्हणजे कॉफीच्या अर्कात, तिच्या दुप्पट कॅफिन असू शकतं.

साधा हिशेब असा. सपाट चमचाभर, म्हणजे सुमारे २ ग्रॅम, शुद्ध इन्स्टंट कॉफीत साधारण ६० मिलिग्रॅम कॅफिन असतं. पाकिटावर चिकोरी लिहिली असेल तर त्या प्रमाणात कमी धरा, कारण चिकोरीत कॅफिन नसतं. कॉफी-चिकोरी मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते, म्हणून पाकिटाची मागची बाजू वाचा. फिल्टरसाठी ८०:२० ची पूड २० ग्रॅम घेतली तर तिच्यात कॉफी १६ ग्रॅम. अरेबिकात कॅफिन सव्वा टक्क्याच्या आसपास आणि रोबस्टात सव्वादोनच्या आसपास असतं, त्यामुळे मिश्र पुडीत एकूण २५० ते ३०० मिलिग्रॅम धरायला हरकत नाही. तेवढ्या डिकॉक्शनचे चार कप केले तर कपाला ६० ते ७५. दोनच केले तर दीडशेपर्यंत. चहाच्या कपात ३० ते ५० मिलिग्रॅम असतं आणि इंदूरच्या दिवसात चहा किती होतो हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा तोही याच बेरजेत घ्या. २५० मिलिलिटर एनर्जी ड्रिंकच्या डब्यात ७५-८० असतं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन घातलेलं असतं.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅम ही मर्यादा दिली. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी दिवसाला २००. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर वेगळा आकडा नाही, पण रक्तदाब ताब्यात नसेल तर आम्ही २०० च्या खालीच राहायला सांगू. रक्त पातळ असताना वाढलेला रक्तदाब मेंदूत रक्तस्राव घडवू शकतो, आणि सवय नसलेल्या माणसाचा रक्तदाब कॉफीनं तात्पुरता चढतो. घरी रक्तदाब मोजायचा असेल तर आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट काहीच नको.

शरीरातलं अर्धं कॅफिन निघून जायला साधारण ५ तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईला याच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणखी जास्त. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक चालू असतानाही कॅफिन रेंगाळतं. त्या पाच-सात दिवसांत नेहमीचीच कॉफी चढल्यासारखी वाटते, तेव्हा ती निम्मी करा. हेच औषध वॉरफरिन आणि एसिट्रॉम या रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचा परिणामही वाढवतं, त्यामुळे ते सुरू होताना आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आकडा, कधी तपासायचा हे डॉक्टरांना विचारून घ्या.

गाळणं महत्त्वाचं

कॉफीच्या बीत कॅफेस्टॉल आणि काह्वेऑल नावाचे तेलकट घटक असतात. त्यांनी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं. पूड पाण्यात किंवा दुधात उकळली की ते सगळ्यांत जास्त उतरतात. कागदी फिल्टर जवळपास सगळे अडवतो. इन्स्टंटमध्ये ते फारच कमी असतात. स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरमधून आणि फ्रेंच प्रेसच्या जाळीतून ते खाली येतात.

आपल्याकडची जायफळ-वेलचीची, दुधात उकळून केलेली कॉफी या हिशेबात उकळलेल्या कॉफीत मोडते. कोजागिरीला, सत्यनारायणाला, पाहुण्यांना केली तर काही बिघडत नाही. पण स्टेंट बसलेल्या किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असलेल्या माणसानं ती रोज दोनदा प्यायची असेल तर पद्धत बदलावी. चव न घालवता असं करा:

१. गाळणीत कागदी फिल्टर बसवा. त्यावर थोडं गरम पाणी ओतून ते टाकून द्या, म्हणजे कागदाचा वास जातो.
२. दोन कपांसाठी १५ ग्रॅम पूड घाला. दळण मध्यम हवं, रव्यापेक्षा थोडं जाड. पिठासारखं बारीक दळण कागद तुंबवतं आणि कॉफी कडू होते.
३. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी ३० मिलिलिटर पाणी ओतून पूड भिजू द्या, मग १२० मिलिलिटर हळूहळू ओता. सगळं तीन-साडेतीन मिनिटांत उतरायला हवं.
४. दूध वेगळं तापवा. जायफळ, वेलची, साखर दुधातच घाला आणि शेवटी अर्क मिसळा.

घाईत पूड दुधात घालून उकळलीच, तर चहाच्या जाळीऐवजी दाट विणीच्या सुती फडक्यातून गाळा. कागदाइतकं नाही, तरी जाळीपेक्षा बरं. फडकं साबणाशिवाय, उकळत्या पाण्यात धुवा. दुधाचा अंश राहिला की दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो.

शाकाहारी घरांसाठी एक वेगळी गोष्ट. कॉफीनं रक्तातलं होमोसिस्टीन नावाचं द्रव्य थोडं वाढतं, आणि ते जास्त असणाऱ्यांत गुठळ्या जास्त दिसतात. पण आपल्याकडे ते वाढण्याचं नेहमीचं कारण बी-१२ ची कमतरता आहे, आणि त्यापुढे कॉफीचा वाटा लहान आहे. रिपोर्टमध्ये होमोसिस्टीन वाढलेलं आलं तर आधी बी-१२ तपासा. कमतरता भरून काढलीच पाहिजे, ती मज्जातंतूंसाठी. ती भरली म्हणजे गुठळ्या टळल्या, असं मात्र सिद्ध झालेलं नाही.

गोळी आणि कॉफी

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या अनेक आहेत आणि प्रत्येकीचा नियम वेगळा आहे. शेजारच्या काकांना जे सांगितलं ते तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

वॉरफरिन आणि एसिट्रॉम या गोळ्यांवर व्हिटॅमिन के चा परिणाम होतो. तयार कॉफीत व्हिटॅमिन के जवळजवळ नसतं, त्यामुळे आयएनआर खाली आला तर दोष कॉफीला देऊ नका. इंदूरच्या थंडीत आठवडाभर रोज मेथी, पालक, चाकवत आणि वर कोथिंबिरीची चटणी सुरू झाली, की तिथे उत्तर सापडतं. भाजी बंद करायची नाही, दर आठवड्याला साधारण सारखी ठेवायची. कॉफीलाही हाच नियम: दोन कप तर दोन कप. परीक्षेच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत एकदम सहा कपांवर जाऊ नका. पायाच्या गुठळीसाठी आयएनआर बहुधा २ ते ३ मध्ये ठेवतात. कृत्रिम झडपेत, जागेनुसार, तो जास्तही ठेवतात. तुमचा आकडा फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. या तपासणीला उपाशी जावं लागत नाही.

रिव्हारोक्सॅबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची असते. इथे चूक फार होते. सकाळी रिकाम्या पोटी कॉफी, तिच्याबरोबर गोळी आणि पोहे दहा वाजता, असा क्रम झाला की औषध पुरेसं शोषलंच जात नाही. माणूस रोज न चुकता गोळी घेतो आणि तरी संरक्षण अर्धवट राहतं. गोळी रात्रीच्या जेवणाला जोडणं सगळ्यांत सोपं, कारण ते जेवण चुकत नाही. सकाळचीच वेळ ठरली असेल तर पोह्यांची बशी समोर आल्यावर गोळी घ्या. त्यानंतर कॉफी चालेल.

ॲपिक्सॅबॅन जेवणासोबत किंवा जेवणाशिवाय, कसंही चालतं, पण दिवसातून दोनदा घ्यावं लागतं आणि संध्याकाळची गोळी हमखास विसरली जाते. संध्याकाळच्या चहा-कॉफीच्या डब्याशेजारी पाकीट ठेवलं तर आठवण राहते. डाबिगाट्रानची कॅप्सूल मात्र कॉफीबरोबर नको. ती पेलाभर पाण्याबरोबर, ताठ बसून, अख्खी गिळायची. उघडून पूड घेतली तर औषध प्रमाणाबाहेर शोषलं जातं आणि रक्तस्राव होऊ शकतो. ती मूळ पाकिटातच ठेवा, सातवारी डबीत भरू नका, कारण दमट हवेनं बिघडते. या कॅप्सूलनं पोटात जळजळ होते, रिकाम्या पोटीच्या कॉफीनं ती वाढते.

स्टेंटनंतर क्लोपिडोग्रेल चालू असेल तर जळजळीवरची गोळी स्वतःच्या मनानं आणू नका. ओमेप्रॅझोल आणि इसोमेप्रॅझोल क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतात. कॉफीनं आम्लपित्त होतं म्हणून महिनोन्महिने ओमेप्रॅझोल खाणारे पुष्कळ आहेत. डॉक्टरांना सांगितलं तर पँटोप्रॅझोलसारखा पर्याय मिळतो, आणि रिकाम्या पोटी कॉफी सोडली तर कदाचित तोही लागत नाही.

कुठलीही गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करायची नाही.

पुण्याची रात्रीची बस

सेंधवा, शिरपूर, धुळे करत रात्रभर पुण्याला जाणं इंदूरच्या मराठी घरांना नवं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार ४ तासांहून जास्त प्रवासात गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि तो विमानापुरता नाही, बस, रेल्वे, मोटार सगळीकडे आहे. निरोगी माणसात तरीही तो कमीच राहतो, विमानप्रवासात सुमारे ६,००० मध्ये एक. पण आधी गुठळी झालेला, जाड अंगाचा, नुकतंच ऑपरेशन झालेला माणूस त्या सरासरीत बसत नाही.

बसमध्ये गडबड होते ती पाण्यावरून. लघवी लागेल म्हणून लोक संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत आणि ढाब्यावर मात्र कॉफी घेतात. बेताची कॉफी अंग कोरडं पाडत नाही, पाणी न पिणं पाडतं. निघण्याच्या दोन तास आधी एक कप घ्या, लघवीला जाऊन बसमध्ये चढा आणि मग जागे असाल तेव्हा दर दोन तासांनी पेलाभर पाणी. बस थांबली की उतराच, झोप मोडली तरी. पाच मिनिटं चाला.

बसल्याजागी अर्ध्या तासानं एकदा टाचा टेकवून चवडे वर ओढा, मग चवडे टेकवून टाचा उचला. असं वीस-पंचवीस वेळा. पोटरी आवळल्यासारखी जाणवली पाहिजे, नुसती बोटं हलवून उपयोग नाही. पायांपुढे बॅग ठेवली की हे करता येत नाही, म्हणून बॅग वर किंवा डिकीत. स्लीपरच्या आखूड बर्थवर गुडघे मुडपून सहा तास झोपू नका. झोपेची गोळी तर अजिबात नको, माणूस कूसही बदलत नाही. पूर्वी गुठळी झाली असेल तर रेल्वे बरी, निदान डब्यात फिरता येतं.

डॉक्टरांनी सांगितलं असेल तर गुडघ्याखालपर्यंतचे दाबाचे मोजे घाला, दाब १५ ते ३० मिलिमीटर (पारा) यांच्या दरम्यानचा. घोट्याचा आणि पोटरीचा घेर सकाळी, पाय सुजायच्या आधी मोजून माप घ्या. वरची कड दुमडली तर तिथेच फास बसतो. ज्यांच्या पायांत धमनीचा अडथळा आहे, विशेषतः जुन्या मधुमेहींनी, न विचारता हे मोजे घालू नयेत. प्रवासापुरती ॲस्पिरिन मनानं घेणंही नको.

लग्नाकार्यासाठी पाळी पुढे ढकलण्याची गोळी आणि त्याच दिवसांत हा प्रवास, हे बऱ्याच घरांत घडतं. त्यासाठीची नॉरएथिस्टेरोनची गोळी ज्या मात्रेत घेतात, त्या मात्रेत ती गुठळीचा धोका वाढवते. स्वतःला गुठळी झाली असेल किंवा आईला, बहिणीला झाली असेल तर ही गोळी दुकानातून परस्पर आणायची नाही. कार्यापेक्षा जीव मोठा आहे, हे घरातल्या मोठ्यांनी मुलींना स्पष्ट सांगायला हवं.

बाळंतिणीचंही तसंच. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीनं सगळ्यांत नाजूक, आणि नेमका तोच सव्वा महिना तिला अंथरुणावर ठेवायची, पाणी बेतानं द्यायची पद्धत. तिला दिवसातून कितीतरी वेळा उठवा, चालवा, भरपूर पाणी द्या. एक-दोन कप हलकी कॉफी चालते.

हे कॉफीमुळे नाही

एकाच पायाची पोटरी दुखते, गरम लागते, सुजते. टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, तिथून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पायांवर पेनानं खूण करा आणि दोन्ही घेर मोजा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफीची सोय असलेल्या दवाखान्यात जा. फरक कमी असला तरी दुखणं आणि सूज असेल तर दाखवाच. तोवर तेल लावून चोळू नका, शेकू नका. चोळल्यानं गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

कॉफीनं होणारी धडधड कपानंतर तासाभरात येते आणि काही तासांत ओसरते, तिच्याबरोबर दम लागत नाही. जिना चढताना अचानक धाप लागणं, श्वास आत घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही धडधडीबरोबर आलं तर ती फुप्फुसातली गुठळी असू शकते. १०८ ला फोन करा. स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका.

उलट बाजूचं लक्षणही ओळखून ठेवा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट उलटी झाली तर ते पोटातलं रक्त आहे, सकाळची कॉफी नव्हे. डांबरासारखी काळी शौच, दहा मिनिटं दाबून धरूनही न थांबणारा नाकातला रक्तस्राव, डोक्याला लागलेला मार, मग तो किरकोळ वाटला तरी, या सगळ्यांत लगेच दवाखाना. निघताना गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या आणि शेवटची गोळी कोणती, किती मिलिग्रॅमची, किती वाजता घेतली हे कागदावर लिहून न्या. रक्तस्राव थांबवायचं औषध गोळीप्रमाणे बदलतं, आणि तिथे पहिला प्रश्न हाच विचारतात.